हगुर

दुकानदारानं तळहातावर ठेवलं तेव्हा
मी विचारलं, आत काही आहे का?
कॅम्पातलं जुनं दुकान, भिंतीवर काचेच्या डोळ्यांचं सांबर.
तो हसला. बाई, नसल्याचेच तर पैसे मोजायचे.

वजन सांगते.
पंपावरची चिल्लरची पिशवी याहून जड.
मूठ प्लॅस्टिकची, दाणेदार, घामात निसटत नाही,
मधलं बोट नीट बसतं, करंगळीलाही जागा आहे.
माझ्या नणंदेचा मुलगा म्हणाला, मामी, जत्रेतलं आहे का?

पंप यांच्या नावाचा. म्हणजे ते गेले म्हणून मिळालेला,
संकेश्वरच्या अलीकडे, हायवेला लागून.
रोज साडेचारला रोकड घेऊन मी बँकेत जाते.
यमकनमर्डीच्या बाजूला दोघांनी स्कूटी आडवी पाडली,
गुडघ्यात अजून खडीचा एक दाणा आहे.
तेव्हापासून ही.
पिस्तूल नपुंसकलिंगी, ठाऊक आहे मला,
पण पर्समध्ये राहणारं सगळं माझ्या तोंडी 'ही' होतं.

पंधरा मावतात.
दहापर्यंत मुकाट्यानं जातात, मग स्प्रिंग अडून बसते,
तेरावीला अंगठ्याचं नख मोडलं.
चौदावी सातेरी मास्तरांनी भरून दिली.
पंधरावी मी भरतच नाही.
पंधरा माणसं माझ्यावर एकदम रागावतील
असं काही मी अजून केलेलं नाही.

सातेरी मास्तर सुभेदार होते. आता शिकवतात.
कोपर ताठ नको, म्हणाले, श्वास अर्धा सोड,
आणि डोळे उघड, अनसूया, डोळे.
हिसका?
वाऱ्यानं हातातलं दार ओढावं, तेवढा.
कागदाला भोक पडलं आणि माझ्या बांगड्यासुद्धा
नीट वाजल्या नाहीत.
छान आहे की, मास्तर म्हणाले.

हे सुट्टीवर यायचे तेव्हा उजवा खांदा
निळा, कडेनं हिरवा, मध्ये पिवळट.
मी हळद-तेल चोळायची. हे दात दाबून हसायचे,
लाथ मारते गं ती.
लाथ बसली की कळतं, आपण काय केलं ते.

त्या दिवशी घरी येऊन मी आरशात खांदा पाहिला.
काही नव्हतं. ब्लाउजच्या शिवणीचा वळ, तेवढाच.

एक तक्रार आहे, तीही माझीच चूक.
खंडेनवमीला पंपाच्या नळीशेजारी हिला ठेवलं,
झेंडू वाहिला, कुंकू जरा सढळ हातानं लावलं.
पुढं तीन आठवडे सरकवताना कुरकुर.
मास्तरांनी जुन्या टूथब्रशनं ते खरवडून काढलं,
लाल लाल तेल निघालं
आणि दोघंही आम्ही त्या फडक्याकडे
जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत बसलो.

एकदा, रात्री एक वाजता, पंपावर एकटा पोरगा आला.
हेल्मेट काढेना. दुर्गाप्पा आत झोपलेला.
माझा हात पर्समध्ये गेला, कसा गेला कळलं नाही,
इतका सहज, जसा रुमालाला जातो.
त्याला बाटलीत पन्नासचं पेट्रोल हवं होतं.
बायको गाडीपाशी थांबली होती, पोटुशी, पुलाजवळ.
मी पैसे घेतले नाहीत.
हेल्मेटची काच फुटून अडकली होती, एवढंच.

निवडणूक लागली, हत्यारं जमा करायचा हुकूम आला.
हुक्केरीच्या ठाण्यात मुगळी हवालदारानं
तिला बोटांवर तोललं, जशी सोनार नथ तोलतो.
हगुर ऐति नोड्री, अक्का.
हौद्री, मी म्हटलं, भाळ हगुर.
पावती त्यानं कन्नडमध्ये लिहिली,
मी खाली मराठीत सही केली,
शाई दोघांची एकच, टेबलावरच्या पेनाची.

बाहेर आले तर पर्सचा पट्टा
सारखा खांद्यावरून घसरायला लागला.
चार पावलं, की घसरला.
शेवटी बाजारात थांबून अर्धा किलो कुंदा घेतला
आणि त्याच कप्प्यात ठेवला.
पट्टा बसला.

रात्री बघते तर डबा कलंडलेला,
कप्पाभर तूप.