गेल्या चैत्राच्या काठ्या

घर विकताना सबनीसबाईंनी
खरेदीखतात नसलेल्या दोन गोष्टी सांगितल्या.
अंगणातला नळ उलटा फिरतो.
आणि मागच्या भिंतीची रासबेरी
पौषात छाटायची असते, मी येऊन जाईन.

मला वाटलं, बोलायची पद्धत.

पाचगणीहून ओल्या गोणपाटात आणलेलं मूळ,
पाषाणच्या उन्हात वीस वर्षं तगवलेलं,
त्याचं मला काय ठाऊक?
पहिल्याच पौषात मी कात्री घेतली.
जाड, तपकिरी, सरळ काठ्या ठेवल्या,
घरातल्या कर्त्या माणसांसारख्या दिसत होत्या त्या.
आणि जांभळ्या, लवचीक, अंगाला राख फासलेल्या,
वाट्टेल तिकडे वाकणाऱ्या
सगळ्या जमिनीलगत कापून काढल्या.
कोपरा सुबक दिसायला लागला.
फोटोसुद्धा काढला मी.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी रिक्षा.
बाई उतरल्या. हातात वेल्डिंगचे मोजे,
नवऱ्याचे, खडकीच्या कारखान्यातले.
भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
"अगं, पोरी कापल्यास
आणि मढी ठेवलीस."
मग चहा मागितला, बिनसाखरेचा.

त्या चैत्रात एक फळ आलं नाही.
बुलबुल तारेवर येऊन बसायचे,
आमच्या स्वयंपाकघरात डोकावून
उडून जायचे.

पुढच्या पौषात त्यांनी शिकवलं.
म्हणजे बोलल्या कमी, कापलं जास्त.
हिनं फळ दिलं, ही गेली.
हिनं दिलं, गेली.
ही थांबेल.
सूर कुठे चढला नाही की उतरला नाही,
रेशनच्या खिडकीत कार्डं तपासावीत तसा.
आणि कळेनासं झालं, तर नख.
साल जराशी खरवडायची,
आत हिरवं दिसलं की हात मागे.

यंदा पौष अर्धा सरला, रिक्षा नाही.
फोन भाच्यानं उचलला.
म्हणाला, आत्या बऱ्या आहेत, जेवतात, बोलतात,
पण कधी कधी त्या अजून
तुमच्याच घरात असतात.
मग त्याच आल्या फोनवर.
"मागचं दार लावलंस का? मांजर शिरतं."
लावलं, म्हटलं. रासबेरी छाटतेय.
"किती ठेवतेस?"
सहा.
"पाच ठेव. आपलं ऊन सहा पोसत नाही."
जरा थांबून,
"आणि नळ उलटा फिरतो, लक्षात आहे ना?"
नळ मी येताच बदलला होता,
प्लंबरला साडेतीनशे दिले होते.
हो, म्हटलं. उलटाच फिरतो.

मोजे त्यांचे त्यांच्याकडे.
मी जुन्या जीन्सचा एक पाय हाताला गुंडाळला
आणि बसले उकिडवी.
हिचे काटे मागे वळलेले असतात.
हात आत जाताना काही म्हणत नाहीत,
बाहेर निघताना धरतात.
गेल्या चैत्रात वाटीवाटीनं फळ दिलेल्या काठ्या
आता आत भेंडासारख्या हलक्या,
कात्री लागायच्या आधीच मोडत होत्या.
सतरा निघाल्या.
मग सहावीपाशी आले.
नख लावलं. हिरवी, ओली,
नखात रस राहिला.
पाच ठेव, म्हणाल्या होत्या.

मोळी सुतळीनं आवळून फाटकाशी नेली.
घंटागाडीवरची तारामती
लांबूनच ओरडली,
"ताई, काटेरी दिसतंय.
ओल्यात टाकू की सुक्यात?"

थांब जरा, म्हटलं,
आणि मोळीत हात घातला.

घंटा पुढच्या गल्लीत वाजायला लागली,
तरी हात निघेना.