नमुना सात

अक्कलकोट रोडच्या मागं, जिथं नाला
सोमवारी लाल वाहतो आणि गुरुवारी मोरपंखी,
तिथली माती मी चमच्यानं उकरली.
वॉचमननं विचारलं, काय हरवलंय का?
पिशवीवर लिहिलं : नमुना सात. खोली एक वीत.
वास, नासक्या अंड्याचा.

एक ग्रॅम माती नऊ मिली पाण्यात,
त्यातलं एक मिली पुढच्या नऊत,
त्यातलं पुन्हा पुढच्या.
सहाव्या नळीत पाणी इतकं निवळतं
की वाटतं, आता यात कुणी नसणार.

आगरात कालवला तोच निळा,
दुडम शेठच्या डायहाउसमधून पुडीत मागून आणलेला.
शेठ हसले, खाणार कोण हे?
प्लेटा इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. आत सदतीस, बाहेर त्रेचाळीस.
मे महिन्यात डिपार्टमेंटमधली
तीच एक थंड जागा.

तिसऱ्या दिवशी निळ्यात एक मळकट ठिपका
आणि त्याच्याभोवती
रंग नव्हता.
चंद्राला पडतं तसं खळं,
पट्टीनं मोजलं, अकरा मिलिमीटर.
मी कुणाला हाक मारली नाही.
आधी झाकण लावलं.

नानांनी चोवीस वर्षं रंगाच्या हौदावर काढली.
लिंबू झालं, राख झाली, रॉकेल झालं,
नखांच्या मुळाशी निळं आहे ते आहेच.
लग्नाच्या पंगतीत ते डावा हात
मांडीखाली ठेवतात, उजव्याला इलाज नाही.

रंग खाणाऱ्याला ओळखायचं
तर आधी त्यालाच रंगवावं लागतं :
जांभळा एक मिनिट, मग आयोडीन,
मग अल्कोहोलनं धुणं, मग गुलाबी.
धुतल्यावर जांभळं सोडून देतो की धरून ठेवतो
यावरून त्याचं घराणं ठरतं.
यानं सोडलं.

रविवारी नाना आले. चप्पल दाराबाहेर काढली.
भिंगात आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या.
मग बराच वेळ गप्प.
गुलाबी काड्या, तांदळाच्या कण्यांसारख्या.
मला वाटलं, विचारतील तोंड कुठंय, खातो कसा.
म्हणाले, रंग बरा बसलाय.
कुणी रंगवलं?

मी.

सर म्हणतात, घाई नको. रंग गेला
म्हणजे विष गेलं असं नसतं.
म्हणून खिडकीत बशी आहे, बशीत टिपकागद,
त्यावर निवळलेल्या पाण्यात
मालदांडीचे दहा दाणे.
शेजारच्या बशीत नाल्याचं पाणी, दहा दाणे.
वहीत नावाचा रकाना कोरा :
नमुना सात, ठिपका तीन.

काल संध्याकाळी चार फुटले होते.
आज नानांनी फोनवर विचारलं, किती?
सहा, म्हटलं.
आणि दुसऱ्या बशीत?
मी सांगितलं.
ते हूं म्हणाले,
आणि मागं नळ सोडल्याचा आवाज आला.