मला दिसत नाहीये

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
आमच्या प्रोग्रॅमने शहरातले अकराच्या अकरा बर्फनांगर
एकाच गल्लीत पाठवले.
औलूमध्ये त्या रात्री उणे सव्वीस होतं,
आणि गल्ली इतकी अरुंद
की समोरासमोर दोन सायकली आल्या
तर एकाला उतरावं लागतं.

सकाळी नऊला मीटिंग.
ओस्मो म्हणाला, टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या.
वेन्ला म्हणाली, रिव्ह्यूत दोघांनी होकार दिला होता.
तौनोने नकाशावाल्या कंपनीचं नाव घेतलं.
पिर्क्को काहीच म्हणाली नाही,
फक्त लॅपटॉपचं झाकण
बोटभर खाली केलं.
खापर तयार होतं.
फोडायला डोकं तेवढं शोधायचं,
आणि ते काम मॅनेजरचं,
असं वरच्या मजल्याचं मत.

चौदा वर्षं मी कोड लिहिला.
गेली तीन, माणसांमधल्या जागा वाचते.
त्यात शोध घेण्याचं बटण नसतं.
तरी एक सापडलं:
बाराशे ओळींचा बदल, त्याखाली दोनदा 'ठीक दिसतंय',
उघडल्यापासून होकारापर्यंत चार मिनिटं.
म्हणजे सेकंदाला पाच ओळी.
दुधाच्या खोक्यावरची तारीखसुद्धा
मी याहून सावकाश वाचते.

डोकं शोधलं नाही.
हेइमोला बोलावलं. एकतीस वर्षं नांगर चालवतो.
बूट घालूनच आला,
खुर्चीखाली हळूहळू एक तळं साचत गेलं.
रागावलेला नव्हता.
म्हणाला, ओळीने उभे होतो, इंजिनं चालू,
मग कोणीतरी थर्मास उघडला.
राउनोशी नऊ वर्षं रेडिओवर बोलतोय,
त्या रात्री पहिल्यांदा तोंड पाहिलं.
आवाजापेक्षा बुटका निघाला.

वेन्लाने विचारलं,
स्क्रीन चुकतेय असं वाटलं नाही का तुम्हाला?
वाटलं की.
पण स्क्रीन तुमची.
म्हटलं, तुम्हाला काहीतरी माहीत असेल.

ओस्मोने तौनोकडे पाहिलं.
तौनोने तळ्याकडे.

मग बोलता बोलता हेइमोने सांगितलं,
वादळात पुढचं दिसेनासं झालं
की रेडिओवर एकच वाक्य बोलायचं:
मला दिसत नाहीये.
मागचा थांबतो.
का, कसं, कोणी विचारत नाही.
ते नंतर, कॉफीबरोबर.

मला ते वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं होतं.
नाही लिहिलं.
फळ्यावर गेल्या वर्षीची चांगली वाक्यं
अजून पुसायची राहिली होती.

दोन आठवडे काही झालं नाही.
तिसऱ्या मंगळवारी ओस्मोच्या बदलाखाली,
ओळ तीनशे चाळीसपाशी, वेन्लाने लिहिलं:
मला दिसत नाहीये.
ती इथे येऊन सात महिने झालेली,
तो अठरा वर्षांचा जुना.
अर्धा दिवस उत्तर नाही.
आमच्याकडे शांतता ही बातमी नसते,
तरी मी तीनदा पाणी प्यायला उठले.

जेवणानंतर ओस्मोने स्वतःची खुर्ची उचलली
(ओढली असती तर चाकांचा आवाज झाला असता)
आणि तिच्या टेबलापाशी नेऊन ठेवली.
दोघं चारपर्यंत बसली होती.
चारला बाहेर अंधार पडलेला,
आणि ओस्मो कोणाकडेच न बघता म्हणाला,
मलाही नव्हतं दिसत.
तेव्हापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून.

पिर्क्कोने लॅपटॉपचं झाकण
पूर्ण उघडलं.

काल वरच्या मजल्यावर बोलावलं होतं.
लांब टेबल, पाणी, आलेखासाठी रिकामी जागा.
टीमचं सहकार्य या तिमाहीत
किती टक्क्यांनी सुधारलं?
एक आकडा तयार होता माझ्याकडे,
गुळगुळीत, कोणीही 'ठीक दिसतंय' म्हणेल असा.
तोंड उघडलं
आणि म्हणाले, मला दिसत नाहीये.

मग हात टेबलावर ठेवून
ऐकत राहिले,
कोणी थांबतंय का.