गुरुवारचा कागद

दर गुरुवारी शेवटच्या तासाला
मी पालकांना कागद लिहिते.
दहावी ब, इंग्रजी. सोहारमधली बत्तीस घरं.
या आठवड्यात काय झालं: पत्रलेखन, कर्मणी प्रयोग,
कवितेची दोन कडवी. तिसरं राहिलं
कारण धुळीचं वादळ आलं आणि शाळा अकराला सुटली.
चाचणी रविवारी. सही करून परत पाठवावा.

एकतीस कागद सह्यांसकट येतात.
कुणाची गिचमिड, कुणाची बँकेत करावी तशी पल्लेदार,
एक तर नक्की मुलीनेच केलेली,
आईच्या नावात एक एल कमी.

बत्तिसाव्यावर सही नव्हती, ओळी होत्या,
आधी शिरोरेषा ओढून
मग तिला खाली टांगलेली निळी अक्षरं:
बाई, कागद पोचला. पोरगा वाचून दाखवतो.
आडनावावरून कळलं, तुम्ही आपल्याकडच्या.
काय कमी पडलं तर बिनधास्त कळवा.
हसनमियां मुकादम, टगबोट, सोहार बंदर. मूळ बाणकोट.

कागद इंग्रजीतच असावा असा शाळेचा नियम आहे.
मी त्याच्या कागदाखाली एक ओळ मराठीत लिहू लागले.
रय्यान वर्गात बोलत नाही, पण ऐकतो.
उत्तर आलं: घरीपण तसाच.
ओहोटीला बसलेली होडी. पाणी येईल.

मग कधी त्याच्या अक्षराबद्दल, कधी
बाजारात सुरमई काय भावाने मिळाली त्याबद्दल.
एकदा फक्त: आज फार उकडतंय.
त्यावर त्याने लिहिलं: इंजिनात या बघायला.

ऑक्टोबरात निबंधाला विषय दिला,
न पाठवलेलं पत्र.
रय्यानने दीड पान लिहिलं, मला.
काळ सगळे चुकलेले, भूत आणि वर्तमान एकाच वाक्यात,
पण मुद्दा सरळ:

मिस, तुम्ही लिहिता, गृहपाठ दिला गेला नाही.
मी बाबांना वाचून दाखवतो, गृहपाठ छान झाला.
त्यांना इंग्रजी येत नाही.
तुम्ही लिहिता, लक्ष देण्याची गरज आहे.
मी वाचतो, मिस खूश आहेत.
पण खाली एक ओळ असते ती मला वाचता येत नाही.
ती बाबा स्वतः वाचतात आणि हसतात
आणि सांगत नाहीत.
तिथे माझ्याबद्दल काय लिहिता?

वर्गात कुणी नव्हतं. एसीचं पाणी
बादलीत पडत होतं. टप. टप.
लाल पेन उघडं तसंच राहून सुकलं.

गृहपाठ दिला गेला नाही.
वर्षभर मी शिकवते की कर्मणी प्रयोगात
कर्ता गाळला तरी चालतं.
पोरगा बरोबर शिकला होता.
आणि सुरमईचा भाव?
तो कोणत्या अभ्यासक्रमात बसतो, मलाही सांगता आलं नसतं.

गुरुवार आला.
वर इंग्रजीत लिहिलं: सर्वांनी पत्रं दिली.
रय्यानचं पत्र प्रामाणिक. काळ सुधारावेत.
खाली काय लिहावं यात मधली सुट्टी गेली.
शेवटी लिहिलं:
ही ओळ त्याला वाचून दाखवा.

रविवारी चाचणीच्या गठ्ठ्यात कागद परत आला.
दाखवली, बाई. पुन्हा पुन्हा विचारत होता,
एवढंच? एवढंच?
मग बाकीचं त्याने सांगितलं. चार गृहपाठ राहिलेत म्हणे.
ते आजच कळलं. बघतो त्याच्याकडे.

त्याखाली शिरोरेषा, पट्टीने ओढलेली,
बापाचीच असावी.
आणि तिच्यापासून बोटभर खाली,
तिला न पोचलेला,
एक र.
उलटा काढून खोडलेला, मग सुलटा.

चाचणीत कर्मणी प्रयोग कुणालाच आला नव्हता.
या आठवड्याच्या कागदात तेच पहिलं लिहिणार आहे:
मी पुन्हा शिकवते आहे.