गुरुवारचा चेहरा

एकतीस वर्षं मी सोलबोर्गच्या नाकाला पावडर लावली.
ते नाक तिच्या नवऱ्यापेक्षा मला जास्त ठाऊक.
डाव्या बाजूला कांजिण्यांचा एक खळगा.
तो देशाला कधी दिसला नाही,
एवढीच माझी कर्तबगारी.

तेव्हा रेक्याविकमध्ये गुरुवारी टीव्ही नसायचा.
जुलैभर तर बातम्यांनासुद्धा सुट्टी.
जग त्या महिन्यात काय करायचं कोण जाणे.
अशाच एका गुरुवारी ती भेटली
तरणतलावाच्या गरम कुंडात,
हनुवटीपर्यंत पाणी, केस चपटे, खळगा उघडा.
शेजारी दोन म्हातारे कॉडच्या भावावरून हमरीतुमरीवर आलेले.
कुणी ओळखलं नाही.
मग तिने विचारलं, "किती वाजले?"
आणि दोघंही पाण्यात ताठ बसले,
आता वादळाचा इशारा येणार म्हणून.

चुकायचीही ती.
एकदा पानं उलटी लागली,
संसदेच्या जागी मेंढ्यांची शिरगणती आली,
तिने ती शेवटच्या तालुक्यापर्यंत वाचली.
तक्रारीचं पत्र आलं एकच:
आमच्याकडच्या तेवीस कमी सांगितल्या.

आणि ती जानेवारीतली रात्र.
कागद आला तेव्हा माझा हात तिच्या कपाळावर होता.
स्वाला नावाची बोट, सहा माणसं, पश्चिमेचे फ्योर्ड.
नावं वाचायची नाहीत, नियमच आहे,
आधी घरोघर कळवायचं असतं.
तिच्या बहिणीचा मुलगा स्वालावर होता.
तिला कुणी कळवलं नव्हतं.
कागदानेच कळवलं.
"नाक झालं का?" एवढंच म्हणाली,
आणि आत जाऊन वाचलं:
बोटीशी संपर्क तुटला आहे.
उद्या उत्तरेकडून वारा, पहाटे बर्फ.
परत खुर्चीत बसली
तेव्हा पावडर होती तशीच होती.
मी कापसाने पुसत राहिले,
पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

निवृत्तीला केक होता, भाषणं होती, ती विसरले.

आता आम्ही दोघी रोज कुंडात असतो.
परवा एक चिमुरडी पोहत जवळ आली,
"आजी, तुझ्या नाकाला काय झालंय?"
सोलबोर्गने पाण्यातच पाठ सरळ केली,
समोर, जिथे कॅमेरा असायचा, तिथे पाहिलं.
"कांजिण्या," ती म्हणाली.
"एकोणीसशे एक्कावन्न.
थोरल्या बहिणीकडून आल्या.
ती आधी बरी झाली."