आधी कंदील

उकंडाजी विहिरीतला गाळ काढतात.
उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून
खाली सोडतात, सावकाश,
दातात विडी, न पेटवलेली.
ज्योत तगली तर माणूस उतरेल.
विझली, तर म्हणतात, चाला, चहा घ्या,
इहीर कुठी पळून जाते काय?

सुगत उतरला
तेव्हा कंदील कुणी सोडला नव्हता.

दारव्ह्याच्या एका मंगल कार्यालयात
पांढऱ्या कुडत्यातला एक माणूस
चीनच्या डोंगरातली विद्या वाटत होता.
श्वास नाभीत कोंडा. आग कण्यातून वर न्या.
पहिले तीन दिवस फुकट.
चौथ्या दिवशी सुगतने फवारणीचा पंप विकला.
तिथे बुद्धाची मूर्ती होती, खरंच सुंदर,
डोळे अर्धे मिटलेले.
तिला विचारून कुणी तिथे बसवलं नव्हतं.

'घरच्यांना सांगू नका, त्यांची पातळी नाही.'
हे मी त्याच्या वहीत वाचलं,
खाली लाल शाईची रेघ,
तीही पट्टी लावून मारलेली.
आमचा सुगत. पट्टीशिवाय रेघ मारत नाही.

नवव्या रात्री तो झोपला नाही.
दहाव्या. अकराव्या.
वाळल्या तुरीच्या शेंगा त्याच्याशी बोलायच्या,
लाइटच्या खांबातून कुणी त्याचं नाव घ्यायचं,
आणि तो हसायचा, आमच्याकडे न पाहता.
मी त्या माणसाला फोन लावला.
"अहंकार जळतोय, ताई. जळू द्या.
मध्ये पडाल तर दोष तुमच्या माथी."
मग पुढच्या शिबिराची तारीख सांगितली.
मी ती लिहूनही घेतली. भीतीने माणूस काहीही लिहून घेतो.

संध्याकाळी विहारातले भंते आले.
इथलेच. एका डोळ्याने अधू.
चीवर घेण्याआधी अठरा वर्षं एसटीत कंडक्टर.
मला वाटलं, काही म्हणतील, पाणी शिंपडतील.
ते बाजेच्या कडेला टेकले आणि विचारलं,
"जेवला काय? झोपला कधी होता, बापू?"
बराच वेळ ऐकत राहिले.
खांबाचंही ऐकलं, शेंगांचंही.
मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,
"हे मायाच्यानं नाही होत, बाई.
यवतमाळच्या दवाखान्यात ने. आजच. मी येतो संगं."

शेवटची गाडी. दाराजवळची सीट.
सुगतचा हात त्यांनी घट्ट धरला नव्हता,
फक्त आपला हात जवळ ठेवला होता,
आणि जुन्या सवयीने
आमच्या तिकिटांवरचे आकडे तपासत होते.

गुरू ओळखायचा कसा, मला अजून येत नाही.
कपड्यावरून नाही, एवढं कळलं.
डोळे मिटून किती तास बसतो त्यावरूनही नाही.
आता कुणी मोठं बोलायला लागलं
की मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहते,
'मायाच्यानं नाही होत'
हे त्यातून कधी निघेल का म्हणून.

चीनचा डोंगर मी पाहिलेला नाही.
तिथेही म्हाताऱ्या असतील, विहिरी असतील,
कठड्याशी उभं राहून
कुणी कुणाला म्हणत असेल, हळू.
ती विद्या शिबिरात आलीच नाही.

सुगत रात्री आठला गोळी घेतो.
परवा त्याने विचारलं, पुन्हा ध्यानाला कधी बसू?
"डॉक्टरीणबाईले विचार, मंग मले.
तोवर धुऱ्यानं चाल. अनवाणी नको,
काटे हायेत."

यंदा उकंडाजींची दोरी तोच धरतो.
काल पाटलांच्या विहिरीत कंदील सोडला,
बारा हात, तेरा हात,
सुगत वाकून पाहत होता, मी सुगतकडे.
चौदाव्या हाताला ज्योत विझली.

दोरी गुंडाळून सगळे घरी आलो.
मी चहा टाकला.
सुगतने दुसऱ्यांदा साखर मागितली.