अडीच हजारांत एक

दहा सेंटिमीटर साचला की निघायचं, असा नियम आहे.
तोवर डेपोत, रॉकेलच्या शेगडीशी पाय शेकत
मी खारी मोजतो.

खेळातल्या. करड्या.
गवतात शिरायचं, खार समोर येते,
करडी असली की पळ काढायचा, पुन्हा गवत.
तांबूस खार आठ हजारांत एक.
पिशवीत घंटी असेल तर अडीच हजारांत एक.
"या वयात, कियोहिको?" गोंदा विचारतो,
आणि स्वतःच वाकून बघतो, आली का म्हणून.
डिझेलच्या वहीच्या मागच्या पानावर
मी पाच रेघांचं ते अक्षर काढत जातो,
एका अक्षरात पाच खारी.
काल रात्रीपर्यंत चारशे त्रेसष्ट अक्षरं,
वर एक सुटी रेघ.

घंटी मी कमावलेली नाही.
मिओरी नागोयाला गेली तेव्हा हे यंत्र
खणात ठेवून गेली, वायर नीट गुंडाळून.
घंटी कुठल्या दुकानात मिळत नाही.
सहाशे चाळीस प्राणी एकूण एक नोंदवले
की बंदरावरची एक म्हातारी ती हातात ठेवते,
म्हणते, फार चाललीस गं.
पहिल्या पानावर लिहिलंय:
खेळलेला वेळ, अकराशे तीस तास.

हिशेबाची सवय मला, मी भागाकार केला.
ती चौदाची होती. गणवेश इस्त्री करून खुंटीवर,
आणि खुंटीवरच वसंत, उन्हाळा, पानगळ.
ताट दारापाशी ठेवायचं, तासाभराने उचलायचं.
कधी माशाचा काटाही नीट बाजूला काढलेला,
कधी झाकणसुद्धा हललेलं नाही.
दाराबाहेर उभा राहून मी काय काय बोललो
ते या वहीत मांडणार नाही.
एवढंच, की मी ओरडत होतो तेव्हा
आत कुणीतरी दलदल ओलांडत होतं,
पाचशे सत्तरावा, पाचशे एकाहत्तरावा.

आमच्या खोऱ्यात प्रत्येकाकडे एक घंटी असते.
पितळेची, अंगठ्याएवढी, किल्ल्यांना नाहीतर पिशवीला.
रानात शिरताना वाजत राहावी,
म्हणजे अस्वल आधीच वाट सोडतं.
हिवाळ्यात अस्वलं निजलेली असतात,
तरी माझी किल्ल्यांना तशीच.
तेव्हाही होती. ड्यूटीवरून येऊन जिना चढायचो,
दुसऱ्या पायरीवर घंटी वाजायची,
आणि दाराखालची उजेडाची चीर
विझायची.

हे मला फार उशिरा सुचलं.
गेल्या महिन्यात, दोन हजारावी खार पळवताना.

फोनवर मी तिला म्हणालो,
दोन हजार झाल्या, आता जवळ आली असेल ना?
ती हसली नाही. म्हणाली,
"बाबा, ते बर्फासारखं साचत नाही.
दर वेळी तेवढंच. पहिल्या खारीला जेवढं
तेवढंच दोन हजाराव्या खारीला."
मग घंटीचा काय उपयोग?
पलीकडे किटलीची शिटी, कुणीतरी ती उतरवली.
"उपयोग आहे," ती म्हणाली.
"पण गवतात शिरावं लागतंच."

नवीन वर्षाला ती आली,
एका डब्याच्या गाडीने, सहा वर्षांनी.
जेवताना केस मागे बांधले, तिच्या आईसारखे.
खारीचं विचारलं, आणि लवकर वर गेली.
त्या रात्री बर्फ जोरात. दोनदा रस्ता काढला,
पुलापासून शाळेपर्यंत, शाळेपासून पुलापर्यंत.
पहाटे घरी आलो. बूट काढले.
किल्ल्या ओल्या हातमोज्यात कोंबल्या,
मूठ आवळली, आणि जिना चढलो,
दुसरी पायरी, तिसरी,
पायांत मोजे असूनही फळ्या करकरल्याच.

दाराखाली उजेड.
मी थांबलो. आत पान उलटल्यासारखं काही,
मग खोकला.

उजेड तसाच राहिला.

वहीत मी काही मांडलं नाही.
खाली आलो, तांदूळ धुतले,
तिघांचा भात लावला, मग आठवलं,
दोघांचाच लागतो.